उताराची गोष्ट : ‘पॅडल-टू-द-सी’

होलिंग क्लॅन्सी होलिंग (1900–1973) या अमेरिकन लेखक-चित्रकाराचे ‘पॅडल-टू-द-सी’ हे पुस्तक 1941 मध्ये प्रसिद्ध झाले. ‘समुद्राकडे वल्हवत जाणारा’ असा या नावाचा अर्थ करता येईल. पुढच्याच वर्षी, चित्र-पुस्तकांसाठी दिल्या जाणाऱ्या कॅल्डेकॉट पदकाच्या निवडीत त्याचा सन्मानपूर्वक उल्लेख झाला. नदीविषयी मुलांसाठी लिहिलेली पुस्तके थोडीथोडकी नाहीत. त्यांतील बहुतेक पुस्तके उगम, उपनद्या, काठची शहरे आणि मुख या ठरीव क्रमाने जातात. ती वाचून मुलाला नदी पाठ होते. परंतु एखाद्या टेकडीवरचे पाणी शेकडो कोसांवरच्या समुद्राशी जोडलेले आहे, ही जाणीव त्यातून होतेच असे नाही. होलिंग यांनी ही जाणीवच आपल्या पुस्तकाचा विषय केली आहे.

कथा साधी आहे. कॅनडातील निपिगॉन प्रदेशात, सुपीरियर सरोवराच्या उत्तरेस, एक मुलगा हिवाळ्यात फूटभर लांबीच्या पाइनच्या लाकडातून एक होडी कोरतो. होडीत वल्हे घेऊन बसलेली एक आकृती आहे. होडी उलटू नये म्हणून तिच्या तळाशी शिसे ओतलेले आहे, आणि ज्याला ती सापडेल त्याने ती पुन्हा पाण्यात सोडावी, अशी विनंती तळावर कोरलेली आहे. मुलगा ती होडी टेकडीवरच्या बर्फात ठेवून देतो. बर्फ वितळले की पाणी ओहोळात, ओहोळ नदीत, नदी सरोवरात आणि सरोवर अखेर समुद्रात जाते, हे तो शाळेत शिकला आहे. मुलाला स्वतःला जाता येत नाही, म्हणून तो होडीला धाडतो. पुढे बीव्हरांनी अडवलेले तळे, आरागिरणी, कोळ्यांची जाळी, वादळ, वणवा आणि नायगाराचा धबधबा अशी संकटे ओलांडीत ती सेंट लॉरेन्स नदीने अटलांटिक महासागर गाठते.

पुस्तकाची 27 प्रकरणे आहेत आणि प्रत्येक प्रकरण एका पानाचे आहे. समोरच्या पानावर पूर्ण रंगीत चित्र, तर मजकुराच्या समासात लहान रेखाचित्रे अशी मांडणी आहे. रंगीत चित्रे कथा सांगतात. काहींमध्ये होडी इतकी लहान आहे की ती शोधून काढावी लागते, आणि शोधता शोधता सरोवराच्या विस्ताराची कल्पना येते. समासातील चित्रांचे काम वेगळे आहे. आरागिरणीत ओंडका कसा चढतो आणि कसा चिरला जातो, दोन दरवाज्यांमधील पाणी कमी करून जहाज खालच्या पातळीला कसे उतरवितात, हे ती दाखवितात. कंटाळा आला तर मूल समास सोडून देऊ शकते. शिकविण्याची सक्ती नाही, हा या मांडणीचा मोठा गुण होय. सरोवरांचे आकार लक्षात राहावेत म्हणून लेखकाने त्यांना ओळखीची रूपे दिली आहेत : सुपीरियर म्हणजे लांडग्याचे डोके, ओंटॅरिओ म्हणजे गाजर आणि ईरी म्हणजे कोळशाचा खडा. नकाशा विसरला तरी लांडगा विसरला जात नाही.

सर्वांत मोलाची कल्पना मात्र उताराची आहे. पाच सरोवरे म्हणजे टेकडीच्या उतारावर मांडलेले वाडगे असून वरचा भरला की पाणी खालच्यात सांडते, असे होलिंग समजावतात. आकडे पाहिले तर ही उपमा किती नेटकी आहे ते कळते. समुद्रसपाटीपासून सुपीरियरची उंची सुमारे 183 मीटर, मिशिगन व ह्यूरन यांची 176, ईरीची 174 आणि ओंटॅरिओची केवळ 75. म्हणजे पहिली चार सरोवरे जवळजवळ एकाच पायरीवर आहेत आणि ईरी व ओंटॅरिओ यांच्यामध्ये सुमारे 99 मीटरांचा कडा आहे. नायगारा तेथेच कोसळतो. धबधबा हा निसर्गाचा चमत्कार म्हणून पाहणाऱ्या मुलाला तो दोन वाडग्यांमधला उतार म्हणून दिसू लागतो. एखाद्या चित्र-पुस्तकाने याहून अधिक काय साधावे?

तरीही कथेने केलेल्या सोयी नजरेआड करू नयेत. सुपीरियरचे पाणी मिशिगनमधून जात नाही, ते ह्यूरनला मिळते; होडी मिशिगनही पाहते, कारण लेखकाला पाचही सरोवरे दाखवायची आहेत. होडी काही वर्षांत समुद्राला पोहोचते, पण सुपीरियरमध्ये पडलेल्या पाण्याला त्या सरोवरातून बाहेर पडायलाच सरासरी सुमारे 190 वर्षे लागतात. होडी वाऱ्याने जाते आणि त्याहून अधिक माणसांच्या हातांनी. तळावरची विनंती वाचून अनेक अनोळखी माणसे तिला पुन्हा पाण्यात सोडतात. शिक्षकाने एवढे सांगितले तर कथेची गोडी कमी होत नाही.

भाषांतराच्या दृष्टीने एक अडचण येथे नोंदविणे आवश्यक आहे. मुलाला पुस्तकात नाव नाही. त्याला ‘इंडियन’ म्हटले आहे. हा शब्द तसाच ठेवला तर मराठी वाचकाला तो मुलगा भारतीय वाटेल, आणि ‘रेड इंडियन’ हा जुना पर्याय आता कोणी वापरू नये. ‘तेथील मूळ रहिवाशांचा मुलगा’ हे लांबट असले तरी खरे आहे.

पुस्तकातील आरागिरण्या व मालवाहू जहाजे यांकडे लेखक कौतुकाने पाहतो. पाण्यात काय सोडले जात आहे, हा प्रश्न 1941 मध्ये त्याला पडलेला नाही. बिल मेसन यांनी 1966 मध्ये कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळासाठी याच कथेवर लघुपट केला, तेव्हा मात्र तीच होडी गलिच्छ पाण्यातून वाट काढताना दाखवावी लागली. ईरीला मिळणाऱ्या कायाहोगा नदीवरील तेलकट कचऱ्याने जून 1969 मध्ये पेट घेतला. 1972 मध्ये अमेरिका व कॅनडा यांनी सरोवरांच्या पाण्याच्या शुद्धतेविषयी करार केला आणि त्यानंतर ईरीची स्थिती पुष्कळ सुधारली. पण शेतांतून वाहून येणाऱ्या फॉस्फरसामुळे त्याच्या पश्चिम भागात उन्हाळ्यात विषारी हिरवा तवंग येतोच. डेट्रॉइट नदी याच भागात ईरीला मिळते, म्हणजे होडीची वाट येथूनच जाते. येथील टोलीडो शहराला ऑगस्ट 2014 मध्ये नळाचे पाणी पिऊ नये, असे नागरिकांना बजावावे लागले होते.