टोकन त्यांच्या खणात, सही आपल्या नावावर

माझ्यासोबत घडलेली हकिगत उगाळत बसत नाही, कोणाचं नावही घेत नाही. पण ‘सही तुमची आहे, मग जबाबदारीही तुमचीच’ हे उत्तर ज्याला ऐकून घ्यावं लागलं असेल, त्याला माझी चीड समजेल. अंबत्तूरची औद्योगिक वसाहत असो की भोसरी, लहान कारखानदाराचं डीएससी (डिजिटल सिग्नेचर सर्टिफिकेट) टोकन पुष्कळदा त्याच्या हाताशी नसतंच. ते ऑडिटरच्या खणात असतं, नाहीतर बिलांवर आपोआप सह्या करणाऱ्या मशीनला कायमचं लावलेलं असतं आणि पिन त्याच सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये साठवलेला असतो. सोय त्यांची होते, कायदा मात्र आपल्याला धरतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 42 नुसार टोकनमधल्या खासगी किल्लीवर ताबा राखणं हे प्रमाणपत्रधारकाचं कर्तव्य आहे आणि ती फुटल्याचं प्रमाणन संस्थेला कळवेपर्यंत जबाबदारीही त्याचीच राहते. कागदावरची खोटी सही हस्ताक्षरतज्ज्ञ ओळखू शकतो. इथे तुमच्या टोकनने दुसऱ्याने केलेली सही आणि तुम्ही स्वतः केलेली सही यांत गणिताच्या हिशेबी तसूभरही फरक नसतो. आणि हे उमगतं ते ‘ही सही माझी नाही’ असं सिद्ध करायची वेळ आल्यावरच.

सॉफ्टवेअर विकणारे म्हणतात, ‘किल्ली टोकनमधून बाहेर निघतच नाही, मग भीती कसली?’ पहिलं खरं आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा. उदाहरण घ्या: 2012 मध्ये अडोबी या सॉफ्टवेअर कंपनीच्या किल्ल्या खास हार्डवेअरमध्येच होत्या. घुसखोरांनी त्यांना हातही लावला नाही. सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या सर्व्हरमध्ये शिरून त्यांनी आपल्या घातक फाइलींवर कंपनीचीच सही करून घेतली आणि अडोबीला ते प्रमाणपत्र रद्द करावं लागलं. मुनीम पुढे येईल त्या कागदावर शिक्का मारत असेल, तर तिजोरी फोडायची गरजच काय?

दुसरा आक्षेप सोयीचा आहे: दर महिन्याला जीएसटी विवरणपत्रांची 11 आणि 20 तारीख येते, मालकाने कारखान्याचं काम सोडून सह्याच करत बसायचं का? नको. विश्वासातल्या माणसाला अधिकृत स्वाक्षरीकर्ता नेमा आणि त्याच्या नावाने वेगळं डीएससी घ्या. म्हणजे सही त्याची दिसेल आणि जाबही त्यालाच विचारता येईल. टोकनचा मूळ पिन बदला आणि नवा पिन व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका. डीएससी काढताना मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचेच द्या. सह्या सॉफ्टवेअर करत असेल, तर कोणत्या कागदावर, कधी, कोणाच्या हुकमावरून सही झाली याची नोंद त्या मशीनबाहेर ठेवायला सांगा. चाचणीसाठी खरी किल्ली देऊ नका. किल्ली टोकनऐवजी फाइलमध्ये असेल आणि ती चुकून सॉफ्टवेअरच्या कोडच्या गिट भांडारात गेली, तर नुसती पुसून भागत नाही, जुन्या इतिहासात ती राहतेच; प्रमाणपत्रच रद्द करा. टोकन हरवलं तर शोधाशोध नंतर, प्रमाणन संस्थेला आधी लेखी कळवा. बाकी, सही करण्यापूर्वी वाचावं, हे काय सांगायचं!

टोकन आजच परत मागा. ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ असं विचारतील. त्यांना एवढंच सांगा: कलम 42 प्रमाणे उत्तर मला द्यावं लागतं, तुम्हाला नाही.