पहाटेचा पोशाख

पौषातील पहाट. कृष्णा आणि वारणा या दोन नद्यांमधील सुपीक पट्ट्यात वसलेले ईश्वरपूर (पूर्वीचे इस्लामपूर) अजून पुरते जागे झालेले नाही. उसाच्या फडांवर धुके उतरले आहे. गावाबाहेरच्या एका वस्तीवर मात्र गोठ्यातील दिवा केव्हाच लागला आहे. दूध घालण्याची वेळ थंडी पाहून ठरत नाही. म्हणून धार काढणाऱ्या माउलीला आणि वैरण टाकणाऱ्या तिच्या मुलाला पांघरुणाची ऊब सोडून उठावेच लागते. शेजारी, ऊस तुटून गेलेल्या रानात, मेंढपाळांचा वाडा उतरला आहे. तेथेही हालचाल सुरू झाली असून, बिऱ्हाड लादण्यासाठी घोड्याच्या पाठीवर खोगीर चढत आहे.

या दिवसांत येथील पहाटेचा पारा १५ अंश सेल्सिअसच्या खाली उतरतो आणि दुपारी तोच ३० अंशांच्या आसपास जातो. हिमाचल किंवा काश्मीरमधील माणसाला या थंडीचे हसू येईल. परंतु थंडी केवळ पाऱ्यावर मोजावयाची नसते. अंगावर वारा किती येतो, कपडे कोरडे आहेत की ओले, आणि माणूस हालचाल करीत आहे की स्वस्थ बसला आहे, यांवर ती अवलंबून असते. जनावरांमध्ये वावरणाऱ्याला तर आणखी एक विचार करावा लागतो : अंगावरील कपडा कामात अडथळा तर होणार नाही ना ?

कपडा स्वतः ऊब निर्माण करीत नाही. ऊब शरीराची असते. कपडा ती राखून ठेवतो. धाग्याधाग्यांत आणि दोन कपड्यांच्या मध्ये जी हवा अडकून राहते, ती उष्णतेला सहजी बाहेर जाऊ देत नाही. म्हणून एका जाड कपड्यापेक्षा दोन-तीन बेताचे कपडे एकावर एक घालणे अधिक हिताचे. शिवाय ऊन चढू लागले, की त्यांतील एकेक उतरविता येतो. १९२४ साली एव्हरेस्टवर नाहीशा झालेल्या जॉर्ज मॅलरी या गिर्यारोहकाचा देह १९९९ साली सापडला, तेव्हा त्याच्या अंगावर रेशीम, सूत आणि लोकर यांचे असेच अनेक थर होते.

या व्यवस्थेचा शत्रू म्हणजे ओल. हवेपेक्षा पाणी सुमारे २५ पटीने उष्णतेचे वहन करते. सुती सदरा घामाने किंवा दवाने भिजला, की तो अंगाला चिकटतो आणि ऊब राखण्याऐवजी ती घालवू लागतो. लोकरीचे तसे नाही. आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंत बाष्प शोषून घेऊनही ती हाताला ओली लागत नाही.

आता गोठ्यातील काम आणि घोड्यावरील प्रवास यांत फरक आहे. गोठ्यात माणूस राबत असतो. शेण भरणे, पाणी ओढणे, वैरणीचे भारे उचलणे यांमुळे थोड्याच वेळात अंगाला घाम सुटतो आणि काम थांबताच तो घाम गार पडतो. म्हणून गोठ्यात शिरताना किंचित थंडी वाजेल इतकेच कपडे घालावेत आणि वरचा लोकरी कपडा खुंटीवर तयार ठेवावा. काम संपताच तो अंगावर घ्यावा. पायांत मोजे व रबरी बूट असावेत. शेणामुताच्या ओलीपासून आणि जनावराच्या खुरापासून दोहोंपासून पाय वाचतात.

घोडेस्वाराची गोष्ट उलट आहे. श्रम घोडा करतो. स्वार जवळजवळ स्थिर असतो आणि घोड्याच्या चालीने निर्माण होणारा वारा त्याच्या छातीवर, गुडघ्यांवर व बोटांवर येतो. त्याला वारा अडविणारे घट्ट विणीचे वस्त्र सर्वांत वर लागते. मराठी घोडेस्वारांची जुनी चित्रे पाहिली, तर त्यांच्या पायांत तंग तुमान दिसते. सैल कापडाच्या चुण्या मांडीखाली दबल्या, तर कातडी सोलवटते, हे त्यामागील कारण. १८९७ साली जोधपूरचे सर प्रतापसिंह पोलोचा संघ घेऊन इंग्लंडला गेले. मांडीशी सैल आणि गुडघ्याखाली घट्ट अशी त्यांची तुमान तेथील स्वारांना इतकी आवडली, की तिला जोधपूरचेच नाव मिळाले. पादत्राणाला थोडी टाच हवी. नाहीतर पाऊल रिकिबीतून आरपार जाते आणि पडलेला स्वार घोड्यामागे फरपटत जातो.

थंडीपेक्षा अधिक धोका असतो तो लोंबणाऱ्या टोकांचा. गळ्यात सैल टाकलेला मफलर, वाऱ्यावर उडणारा पदर, लांब बाही ही कडबाकुट्टीच्या यंत्राजवळ प्राणघातक ठरतात. यंत्र चालू असता कापडाचे टोक त्यात सापडले, तर माणूस खेचला जाण्यास क्षणही पुरतो. म्हणून मफलरऐवजी कानटोपी घालावी आणि पदर कमरेला घट्ट खोचावा. शेकोटीजवळही असाच विवेक हवा. नायलॉनसारख्या कृत्रिम धाग्याच्या कापडावर ठिणगी पडली, तर ते वितळून कातडीला चिकटते. लोकर सहजासहजी पेट घेत नाही.

या साऱ्या गोष्टी ध्यानात घेऊन रानातील मेंढपाळाकडे पाहावे. सातारा-सांगलीच्या दुष्काळी पूर्व भागातील धनगर दरवर्षी मेंढ्या घेऊन चाऱ्याच्या शोधात पश्चिमेकडे येतात. त्यांच्या अंगावर सुती कपडा, त्यावर दख्खनी मेंढीच्या लोकरीचे घोंगडे आणि डोक्याला मुंडासे असते. हे घोंगडे सनगर समाजाचे कारागीर विणतात. लोकर पिंजून तिचे सूत काढतात, त्याला चिंचोक्याची खळ देतात आणि मग ते मागावर चढवितात. ते अंगाला टोचते. म्हणून त्याच्या आत सूत हवे. पण ते वारा अडविते, रिमझिम सोसते आणि खोळ करून घेतले, की डोक्यापासून पोटऱ्यांपर्यंत पुरते. रात्री तेच अंथरूण होते. त्यातही दोष आहेच. मुसळधार पावसात चिंब झाले, की ते जड होते आणि लवकर वाळत नाही. लांबणीवर पडलेल्या कामाला ‘भिजत घोंगडे’ म्हणण्याचा प्रघात उगाच पडलेला नाही !

आज या जाड लोकरीला फारसा भाव उरलेला नाही. मेंढ्या मुख्यतः मांसासाठी पाळल्या जातात आणि माग थोडे राहिले आहेत. यंत्रावर विणलेली हलकी, स्वस्त पांघरुणे घरोघरी आली आहेत. ती घेऊ नयेत असे नाही. मात्र घोंगड्यात सामावलेले शहाणपण त्याच्याबरोबर टाकून देणे परवडणारे नाही. कपडा महाग की स्वस्त, नवा की जुना, यापेक्षा तो कोणत्या कामासाठी घ्यावयाचा हे आधी पाहिले पाहिजे. तो विचार न करता एकावर एक कपडे चढविणे ही निव्वळ खोगीरभरती होय.

हा विचार मुक्या जनावरापर्यंतही पोहोचावयास हवा. चालून घामाघूम झालेला घोडा तसाच वाऱ्यात उभा करू नये. त्याला पुसून, घाम सुकेपर्यंत आडोशाला ठेवावे.

पूर्वेला तांबडे फुटते. धार काढून झाली आहे. मुलगा खुंटीवरचा स्वेटर अंगात घालतो, त्याचे टोक नीट खाली ओढतो आणि दुधाची किटली उचलतो. रस्त्यावरून मेंढ्यांचा कळप पुढे सरकू लागतो. त्यामागे लादलेला घोडा, आणि त्याचा लगाम धरून चालणाऱ्या मेंढपाळाच्या खांद्यावर घडी केलेले काळे घोंगडे.

स्वाध्याय

१. एका जाड कपड्यापेक्षा दोन-तीन बेताचे कपडे अधिक ऊबदार का ठरतात ?
२. गोठ्यात राबणारा आणि घोड्यावर बसणारा यांच्या पोशाखात कोणता फरक असावा ? कारणे द्या.
३. ‘भिजत घोंगडे’ व ‘खोगीरभरती’ यांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.
४. घरातील वडीलधाऱ्यांना विचारून, त्यांच्या लहानपणीच्या हिवाळ्यातील पोशाखाविषयी दहा ओळी लिहा.