गर्भवतीचे पिण्याचे पाणी

तुळजापूर तालुक्यातील अणदूर हे अवर्षणग्रस्त मुलखातील गाव. अशा गावी उन्हाळ्यात विहिरी आटल्या, की मिळेल ते पाणी घरी येते. नितळ दिसणारे पाणी शुद्धच असते, हा समज शिक्षकांनी प्रथम दूर करावा.

1955 च्या अखेरीस दिल्लीत पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळून हजारो लोकांस कावीळ झाली. त्यांत गर्भवती स्त्रिया अधिक प्रमाणात दगावल्या. हा रोग ‘ई’ प्रकारच्या कावीळ-विषाणूचा होता, असे पुढे निष्पन्न झाले. हा विषाणू मैल्याने दूषित झालेल्या पाण्यातून पसरतो. शेवटच्या तीन महिन्यांत गर्भवतीस ही कावीळ झाल्यास शंभरांपैकी वीस ते पंचवीस जणी मृत्यू पावू शकतात.

उपाय साधा आहे. पाणी गाळून खळखळ उकळावे, उकळी एक मिनिटभर राहू द्यावी, त्याच भांड्यात झाकून निववावे आणि ओगराळ्याने घ्यावे. डोळे अथवा लघवी पिवळी दिसल्यास त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने खेड्यांतील स्त्रियांनाच शिकवून ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केले. आरोग्याचे ज्ञान घरच्या माणसाकडून आले म्हणजे ते लवकर रुजते. पाण्याची घागर पुष्कळदा मुलेच आणतात. म्हणून हे ज्ञान घरी नेण्यास तीच योग्य होत.

कृतिपाठ : मुलांनी गावातील पाणवठे पाहावेत आणि शौचालय, उकिरडा व गटार त्यांपासून किती पावलांवर आहेत, हे वहीत नोंदवावे.