वाटी रिकामी परत जात नाही



आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ३, श्लोक ११ ते १६.

अकराव्या श्लोकाचा भावार्थ साधा आहे. यज्ञाने तुम्ही देवांचं पोषण करा, देव तुमचं पोषण करतील. असं एकमेकांना वाढवत राहिलात तर तुमचं परम कल्याण होईल. बाराव्या श्लोकात भगवान जरा कडक होतात. मिळालेलं परत न देता जो एकटाच भोगतो, त्याला ते सरळ चोर म्हणतात. आणि सोळाव्यात या सगळ्याला एक नाव देतात : चक्र. फिरत राहिलं पाहिजे असं चक्र.

हा श्लोक देव आणि माणसं यांच्याबद्दल आहे, शेजारणींबद्दल नाही, हे मान्य. पण आपल्या आयाआज्यांनी तो शेजारापर्यंत आणला होता. शेजारून वाटीतून काही आलं की ती वाटी रिकामी परत पाठवायची नाही. काही नसेल तर चिमूटभर साखर घालायची. कोणी हिशोब ठेवत नाही की तिची खीर किती आणि माझी साखर किती. वाटी फिरत राहते, एवढंच.

गेल्या महिन्यात, दिवाळीच्या साफसफाईआधी, आम्ही आठ मैत्रिणींनी आमच्या घरी कपड्यांची अदलाबदल केली. त्या दुपारी हे श्लोक मला जास्त कळले, म्हणून आजचा पाठ त्यावर.

१. कपाटातलं 'जीर्ण' कोणतं?

दुसऱ्या अध्यायातला बाविसावा श्लोक आपल्या सगळ्यांना माहीत आहे. माणूस जुनी वस्त्रं टाकून नवी घेतो, तसा आत्मा शरीर बदलतो. तिथे वस्त्राला शब्द आहे 'जीर्ण'. विरलेलं, झिजलेलं. आता आपलं कपाट उघडून बघा. त्यातलं जीर्ण किती आणि आपल्याला नुसतं नकोसं झालेलं किती? माझ्याकडे निघालेल्या सात कपड्यांपैकी एकही जीर्ण नव्हता. कापड शाबूत होतं, कंटाळलं होतं ते मन. एका सुती टी-शर्टमागे सुमारे २,७०० लिटर पाणी लागतं असा अंदाज सांगितला जातो. चौदाव्या श्लोकात पावसापासून अन्नापर्यंतची साखळी आहे. कापसालाही तोच पाऊस लागतो. ते पाणी कपाटात घडी घालून ठेवणं म्हणजे चक्र अडवणंच.

२. घरातून कपडा बाहेर जाण्याच्या तीन वाटा

पहिली वाट बोहारणीची. जुने कपडे द्यायचे, स्टीलचं पातेलं घ्यायचं. दारात तासभर घासाघीस. तो रोख व्यवहार आहे, त्यात काही वाईट नाही. बोहारीणही पोटासाठीच ऊन्हातान्हात फिरते.

दुसरी वाट दानाची. सतराव्या अध्यायात (श्लोक २० ते २२) दानाचे तीन प्रकार आहेत. द्यायला हवं म्हणून, परतफेडीची आशा न ठेवता, योग्य जागी दिलेलं ते सात्त्विक. परत काही मिळावं म्हणून, किंवा जिवावर येऊन दिलेलं ते राजस. आदर न ठेवता, तुच्छतेने दिलेलं ते तामस. बटण तुटलेला, डाग पडलेला शर्ट "त्यांना काय, चालतो" म्हणून दिला, तर तो कोणत्या खान्यात जातो ते सांगायला नको. कठोपनिषदात नचिकेत्याचे वडील सर्वस्व दान करायला निघतात आणि गाई कोणत्या देतात? ज्यांचं चारापाणी संपलं, ज्यांचं दूध आटलं, अशा. लहानग्या पोराला ते बघवलं नाही. तिथूनच ती सगळी कथा सुरू होते.

मग आमची अदलाबदल कुठे बसते? आमच्यातल्या एका काकूंनी नेमका हाच प्रश्न विचारला. "अगं, देऊन परत घ्यायचं म्हणजे ते राजसच की!" प्रश्न बरोबर होता. त्यावर मला सुचलेलं उत्तर असं : हे दान नाहीच, म्हणून त्याला दानाचं माप लावायचं नाही. ही तिसरी वाट आहे, अकराव्या श्लोकातली. सगळ्यांनी द्यायचं, सगळ्यांनी घ्यायचं. देणारी वर आणि घेणारी खाली, असं काही राहतच नाही.

३. आम्ही कसं केलं

नियम चारच ठेवले. प्रत्येकीने पाच ते सात कपडे आणायचे. धुतलेले, इस्त्री केलेले, बटणं-हुक लावलेले. म्हणजे नचिकेत्यापुढे ठेवता येतील असे. आतले कपडे नाहीत. आणि कोणता कपडा कोणाचा हे आल्या आल्या विसरायचं : पलंगावर साड्या, दिवाणावर कुर्ते, खुर्च्यांवर मुलांचे कपडे, सगळं एकत्र.

"जितके आणले तितकेच न्यायचे का?" असं एकीने विचारलं. आम्ही ठरवलं, मोजायचं नाही. मोजलं की बोहारणीचा व्यवहार झाला. मनाशी सुरुवातीला धाकधूक होती, पण गंमत बघा, ओढाताण झाली नाही. उलट "तुला जास्त शोभतंय, तूच ने" हेच जास्त ऐकू आलं.

साड्या पटापट गेल्या, त्यांना मापाची अडचण नाही. ब्लाउजांचं काय, हा प्रश्न होता. पण जुन्या शिंप्यांनी शिवलेल्या ब्लाउजांना आत भरपूर माया सोडलेली होती. उसवून दोन बोटं वाढवता येतील एवढी. आमच्या भाषेत शिलाईत जास्तीच्या सोडलेल्या कापडाला 'माया' म्हणतात, हे मला फार आवडतं. दुसऱ्याला सामावून घेता यावं म्हणून आत दुमडून ठेवलेली जागा.

एकीच्या सासूबाईंचा विरोध होता. "दुसऱ्याच्या अंगावरचे उतरलेले कपडे घालू नयेत." मी त्यांना वाद घातला नाही, फक्त विचारलं, "आजी, बाळाला पहिलं झबलं कोणतं घालतो आपण?" त्या हसल्या. नव्या बाळाला आपण मुद्दाम जुनं, मऊ झालेलं, दुसऱ्या बाळाने वापरलेलं झबलं घालतो. आजीच्या सुती लुगड्याची दुपटी करतो. तेव्हा ते 'उतरलेलं' नसतं, आशीर्वाद असतो.

४. घेण्याचा धडा

आमच्यातल्या एका मैत्रिणीच्या घरचं उत्पन्न सहा महिने थांबलं आहे. आम्हाला सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही. श्रावणात एकीने तिला साडी देऊ केली होती. "नको गं, आहेत माझ्याकडे," म्हणाली आणि त्यानंतर दोन आठवडे भिशीला आलीच नाही.

त्या दुपारी ती आली. पाच साड्या घेऊन आली, त्यात एक निळी इरकल, पदर अजून कडक. आमच्यातल्या सगळ्यात सुखवस्तू ताईंनी ती उचलली, अंगावर धरली आणि आरशापुढून हलेनात. "ही खरंच देतेस?" त्यांनी तीनदा विचारलं. ती म्हणाली, "ताई, न्या हो. माझ्या कपाटात नुसती पडून होती." तिच्या आवाजात कितीतरी दिवसांनी जुना रुबाब होता.

मग तिने मुलीसाठी दोन कुर्ते आणि एक पँट घेतली. मुलीची पहिल्या नोकरीची मुलाखत होती. कोणाला विचारलं नाही, कोणाचे आभार मानले नाहीत. आणि मला वाटतं, हेच त्या दुपारचं सार्थक. तेच कुर्ते श्रावणात कोणी तिच्या हातात ठेवले असते तर ते परत गेले असते. या वेळी तिची वाटीही भरलेली होती, म्हणून ती घेऊ शकली.

वाचकहो, शास्त्र आपल्याला द्यायला शिकवतं, ते आपण ऐकतो. पण 'एकमेकांना' या शब्दात घेणंही आहे. फक्त देणारे आणि कधीच न घेणारे आपणही चक्र अडवतच असतो, कारण समोरच्याला द्यायची संधीच ठेवत नाही. ताईंनी ती इरकल नेली नसती, तर माझ्या मैत्रिणीला ते कुर्ते नेता आले असते का? मला नाही वाटत.

५. उरलेल्याचं काय?

शेवटी चौदा कपडे उरले. सुती साड्या गोधडी शिवणाऱ्या मावशींकडे गेल्या, रीतसर मजुरी देऊन. बाकीचे 'गूंज'सारख्या संस्थेला द्यायचं ठरलं. अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये सुरू केलेल्या या संस्थेची एक पद्धत मला गीतेजवळची वाटते : गावकरी मिळून विहीर, रस्ता अशी गावाची कामं करतात आणि त्याचा मोबदला म्हणून कपडे घेतात. भीक म्हणून नाही. गुप्ता यांना २०१५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आजचा अभ्यास

एक : कपाटातून तीन कपडे काढा, जे जीर्ण नाहीत पण वर्षभर अंगाला लागलेले नाहीत.
दोन : ते धुऊन, बटण लावून ठेवा. स्वतःला विचारा, हे मी माझ्या सख्ख्या बहिणीला देईन का?
तीन : या आठवड्यात कोणीतरी काही देऊ करेल. "कशाला उगाच?" असं म्हणू नका. घ्या. आणि वाटी परत करताना चिमूटभर साखर घाला.

हे गोविंदा, दिलेलं विसरायची आणि घेतलेलं लक्षात ठेवायची बुद्धी दे. चक्र माझ्यापाशी अडू देऊ नकोस.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥