पाळीतील पोटदुखी : दोष थंड पाण्याचा नाही

पती-पत्नींनो, हे दोघांनी मिळून वाचा.

धर्माबाद भागात मराठी, तेलुगू, उर्दू बोलणारी घरे शेजारी नांदतात. पाळीचे नेम मात्र घरोघरी निराळे. कुठे थंड पाणी वर्ज्य, कुठे दही-ताक बंद. मिरचीच्या रानात राबणारी बाई माठातलेच पाणी पिते. पोट मात्र तिघींचेही दुखू शकते.

असे का?
पाळीत गर्भाशय आकुंचन पावून आतले अस्तर बाहेर टाकते. त्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाचे द्रव्य तयार होते. ते जास्त झाले की कळा येतात. थंड पाण्याने रक्त आत अडकत नाही. म्हणून "गार पाणी प्यालीस, आता भोग" असा बोल लावू नका.

काय करावे?
गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून ओटीपोट शेका, आराम पडतो. रोज अंघोळ करा.

तांबी बसवली आहे?
पहिले 3 ते 6 महिने कळा व रक्तस्राव वाढू शकतो. घाबरू नका, सिस्टरना दाखवा.

दवाखाना केव्हा?
दुखणे दर महिन्याला वाढते, ताप येतो, अतिरक्तस्राव होतो, तर डॉक्टरांना दाखवा. पाळी चुकून पोटात जोराची कळ आली, तर त्याच दिवशी जा.

आणि दादा, त्या दिवसांत पाण्याची घागर तुम्ही उचला!