एक डिस्क, दोन संगणक : सामायिक साठवण समजून घेऊया



शाळेची निकालपत्रकं, हजेरी, मुलांचे फोटो हे सगळं बहुतेक वेळा एकाच संगणकात असतं, आणि तो बंद पडला की सगळ्यांची धावपळ होते. मग वाटतं, दोन संगणकांना मिळून एकच डिस्क दिली तर? एक बंद पडला तरी दुसऱ्यावर काम चालू राहील. कल्पना चांगली आहे. मोठ्या संस्था हेच करतात. पण नियम न पाळता केलं तर असलेली माहितीही जाते. म्हणून आधी समजून घेऊ, मग करून बघू.

अडचण नेमकी कुठे आहे?

समजा पाचवीचा हजेरीपट एकच आहे, पण दोन शिक्षकांनी सकाळीच त्याची झेरॉक्स काढून घेतली. दोघं आपापल्या प्रतीत बदल करतात आणि संध्याकाळी मूळ पटावर उतरवतात. जो शेवटी लिहील त्याचंच राहील, आधीच्याचं पुसलं जाईल. संगणकही असाच वागतो. डिस्कवरची माहिती तो वेगासाठी स्वतःच्या मेमरीत ठेवतो. दुसऱ्या संगणकाने डिस्कवर काय बदललं हे त्याला कळतच नाही. एक्स्ट४ किंवा एनटीएफएस या नेहमीच्या फाइल सिस्टिम 'ही डिस्क फक्त माझी' असं धरून चालतात. तीच डिस्क दोघांनी एकाच वेळी लिहिण्यासाठी उघडली, तर फाइलींचा हिशोबच बिघडतो.

आपल्या ओळखीचं उदाहरण

ठाणे स्टेशनच्या आरक्षण खिडकीवर तुम्ही रांगेत आहात, आणि त्याच क्षणी नागपूरच्या खिडकीवर कोणीतरी त्याच गाडीचा तोच बर्थ मागतंय. तिकीट मात्र एकालाच मिळतं. रेल्वेच्या 'कॉन्सर्ट' या आरक्षण प्रणालीने मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही ५ केंद्रं १९९९ मध्ये एकमेकांना जोडली. ही प्रणाली ओपनव्हीएमएस या ऑपरेटिंग सिस्टिमच्या क्लस्टरवर उभी राहिली. क्लस्टर म्हणजे एकत्र काम करणाऱ्या संगणकांचा गट. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९८० च्या दशकातच अशा गटाला सामायिक डिस्क वापरायची सोय दिली होती. त्यातली खरी गंमत डिस्कमध्ये नाही, 'लॉक मॅनेजर'मध्ये आहे. लिहिण्याआधी कुलूप मागायचं, मिळालं तरच लिहायचं आणि लिहून झालं की सोडायचं.

घरच्या संगणकावर करून बघा

यासाठी दोन वेगळे संगणक लागत नाहीत. व्हर्च्युअलबॉक्स या मोफत सॉफ्टवेअरने एकाच संगणकात दोन आभासी संगणक तयार होतात. सरावासाठी रिकामी डिस्कच वापरा, शाळेचा खरा डेटा नको.

१. दोन आभासी संगणक करून दोन्हींवर लिनक्स टाका. दोघांना एकाच अंतर्गत नेटवर्कवर ठेवा, वेगळी नावं आणि कायमचे आयपी पत्ते द्या.

२. एक नवी आभासी डिस्क करा. ती 'फिक्स्ड साइझ' म्हणजे ठरलेल्या आकाराचीच हवी. वाढत जाणारी डिस्क व्हर्च्युअलबॉक्स सामायिक करू देत नाही.

३. मीडिया मॅनेजरमध्ये तिचा प्रकार 'शेअरेबल' करा आणि ती दोन्ही आभासी संगणकांना जोडा. इथपर्यंत फक्त तार जोडली गेली, कुलपाची सोय अजून झालेली नाही.

४. दोन्हींवर ओसीएफएस२ ची साधनं टाका. ही क्लस्टरसाठीच बनवलेली फाइल सिस्टिम आहे आणि २००६ पासून लिनक्स कर्नलचा भाग आहे. क्लस्टरच्या सेटिंगची फाइल दोन्हीकडे अगदी सारखी हवी, आणि त्यातली नावं संगणकांच्या खऱ्या नावांशी जुळायला हवीत. दोघं एकमेकांशी ७७७७ या पोर्टवर बोलतात, म्हणून फायरवॉलमध्ये तो उघडा ठेवा.

५. क्लस्टर सेवा दोन्हींवर सुरू करा. डिस्क फॉरमॅट मात्र एकाच संगणकावरून, एकदाच करा. मग दोन्हीकडे माउंट करा.

आता एकीकडे फाइल लिहा, दुसरीकडे उघडा. लगेच दिसेल.

वर्गात कसं शिकवायचं?

चौथी-पाचवीच्या मुलांना संगणकाशिवायही हे छान समजतं. फळ्यावर ६ बर्थचे चौकोन काढा. दोन मुलं 'खिडकी' होतील, बाकीचे प्रवासी.

पहिली फेरी: दोघांकडे चौकोनांचा स्वतःचा कागद, फळ्याकडे बघायचं नाही. मग दोन्ही कागद फळ्यावर उतरवा. एकाच बर्थवर दोन प्रवासी सापडतील.

दुसरी फेरी: खडू एकच. ज्याच्या हातात खडू, त्याने आधी फळा बघायचा आणि मगच लिहायचं. भांडण संपतं.

तिसरी फेरी: खडू हातात असताना एका मुलाने गप्प उभं राहायचं. आता काय करायचं? मुलं म्हणतात, "बाई, त्याच्याकडून काढून घ्या!" पण फळ्यावर दुसऱ्याने लिहायला घेतलं आणि तेवढ्यात हा जागा होऊन लिहू लागला तर? म्हणून आधी त्याला वर्गाबाहेर उभं करायचं, मग नवा खडू द्यायचा. संगणकाच्या भाषेत याला 'फेन्सिंग' म्हणतात. गप्प पडलेला संगणक खरोखर थांबला आहे, याची खात्री झाल्याशिवाय दुसऱ्याने डिस्कला हात लावायचा नाही.

शेवटी विचारा: दोघांचं बोलणं तुटलं आणि दोघंही म्हणाले "दुसराच बंद पडलाय", तर खरं कोणाचं? मुलं बरोबर सांगतात, "तिसऱ्याला विचारा." म्हणूनच क्लस्टरमध्ये बहुमत पाहतात आणि तीन मतं असणं दोनपेक्षा बरं पडतं.

पालक आणि शाळांसाठी दोन गोष्टी

सामायिक डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे. एकाने चुकून फाइल पुसली तर ती दोघांकडूनही जाते, आणि डिस्कच बिघडली तर दोन्ही संगणक रिकामे. व्हर्च्युअलबॉक्सच्या स्नॅपशॉटमध्येही शेअरेबल डिस्क धरली जात नाही. वेगळी प्रत वेगळ्या जागी ठेवायलाच हवी.

दुसरं, रोजच्या कामासाठी शाळेला एवढा खटाटोप सहसा लागत नाही. एका संगणकाने डिस्क सांभाळायची आणि बाकीच्यांनी नेटवर्कवरून त्याच्याकडे फाइल मागायची, ही साधी फाइल सर्व्हरची पद्धत पुरते. तिथे डिस्कवर लिहिणारा एकच असतो, म्हणून फाइल सिस्टिमचा गोंधळ होत नाही. तो एक बंद पडला तर काम थांबेल, पण रोजचा बॅकअप असेल तर मुलांची वर्षभराची मेहनत जाणार नाही.

तुमच्या वर्गात खेळ घेतलात तर तिसऱ्या फेरीत मुलांनी काय उपाय सुचवले, ते नक्की लिहून ठेवा.