वजन नको, तारीख सांग

तुझा सोनोग्राफीचा रिपोर्ट पाहिला गं. दोन्ही अंडाशयांत बारीक बारीक पुटिका, एवढं वाचून तू घाबरलीस. मग मोबाइलवर शोधत बसलीस आणि आणखी घाबरलीस. त्या कॅन्सरच्या गाठी नाहीत, कापून काढायच्याही नाहीत. दर महिन्याला एक बीज पुरतं वाढून बाहेर पडायला हवं. तुझ्याकडे बरीचशी अर्ध्या वाटेवरच थांबली आहेत, इतकाच त्याचा अर्थ. 1935 मध्ये शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी हे दुखणं, म्हणजे आजचं पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम), पहिल्यांदा नीट मांडलं, तेव्हा अंडाशयाचा तुकडाच कापून काढायचे. आज सुरुवात ताटापासून आणि चालण्यापासून होते.

आणि केवळ सोनोग्राफीवरून पीसीओएस ठरत नाही बरं का. पाळी लांबणं, पुरुषी संप्रेरकं वाढल्याची लक्षणं (हनुवटीवरचे राठ केस, न हटणारं पुरळ) आणि सोनोग्राफीतलं चित्र, या तिनांतल्या दोन गोष्टी लागतात. शिवाय थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन तपासून ती कारणं आधी बाजूला काढावी लागतात. डॉक्टरांनी तुला ही रक्ततपासणी सांगितली नसेल, तर तू विचार.

आता गोष्ट इन्सुलिनची. आपल्या आजोबांना कमी ऐकू यायचं, म्हणून घरात सगळे ओरडून बोलायचे आणि ते शेजाऱ्यांना सगळं ऐकू जायचं, आठवतं ना? बऱ्याच जणींच्या शरीरात तसंच होतं. स्नायू आणि यकृत इन्सुलिनचं नीट ऐकत नाहीत, म्हणून स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं. अंडाशयाला मात्र सगळं व्यवस्थित ऐकू येतं. ते चेकाळून पुरुषी संप्रेरकं जास्त बनवतं, आणि मग बीज अडतं, पाळी लांबते, केस येतात. मानेवरचा तो काळसर मखमली पट्टाही बहुधा त्याचीच खूण. तेव्हा बेसन नि लिंबू लावून घासणं आजपासून बंद. तो मळ नाहीच मुळी. आपल्या घरात मधुमेह आहे, त्यामुळे तुला हे जास्त मनावर घ्यायला हवं.

म्हणजे आपल्याला वजनकाट्याला खूश करायचं नाहीये, इन्सुलिनचा तो आरडाओरडा कमी करायचाय. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं सोपं आहे.

खाण्यापासून सुरू करू. कुणी तुला कीटो सांगेल, कुणी दूध तोड म्हणेल, कुणी गहू. 2023 साली ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाच्या पुढाकाराने तज्ज्ञांनी पीसीओएससाठी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना काढल्या. एक विशिष्ट आहार दुसऱ्यापेक्षा सरस असल्याचा पुरावा नाही, असं त्यांत स्पष्ट म्हटलंय. जो आहार तुला वर्षानुवर्षं जमेल, तोच तुझा. आणि तुला जमणार आपलंच जेवण.

फक्त ताटातली वाटणी बदल. अर्धं ताट भाजी आणि कोशिंबीर. पाव भाग मटकीची उसळ, घट्ट वरण, पिठलं, अंडं किंवा मासा. उरलेल्या पाव भागात भाकरी, पोळी किंवा भात. भात सोडायला मी सांगत नाही. पण भाताचा डोंगर आणि त्यावर वरणाचं पाणी, हे बंद. भाकरी ज्वारीची असली म्हणून चार खाल्ल्या तर चालतात असंही नाही. मेसच्या डब्यात चार पोळ्या आणि चमचाभर बटाट्याची भाजी येते, म्हणालीस ना? दोन पोळ्या कमी करायला सांग आणि उसळ जास्त मागून घे. खोलीवर काकडी, टोमॅटो, दही आणि भाजलेले फुटाणे ठेव. अंडी उकडायला तर फार काही लागत नाही. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं मिळतात.

नाश्त्याला नुसते पोहे खाल्लेस की अकरा वाजता पोटात कावळे ओरडणार. त्यात मोड आलेले मूग आणि मूठभर दाणे घाल, किंवा भाजणीचं थालीपीठ आणि दही घे. चतुर्थीचा उपास करायचा असेल तर खुशाल कर, पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, आणि वर बटाटा. त्यापेक्षा राजगिऱ्याची भाकरी, दाण्याची आमटी, ताक. आंब्याचे दिवस आले की फोडी खा जेवणासोबत; वाट्यांवर वाट्या आमरस नको.

चहाचा हिशेब मात्र मांडच. दिवसाला चार कप आणि कपाला दोन चमचे साखर, म्हणजे तीस-चाळीस ग्रॅम नुसत्या चहातून. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाला साधारण 25 ग्रॅमच्या आत असली तर उत्तम. गूळ घातलास तरी शरीराच्या लेखी ती साखरच. आणि ती इन्स्टाग्रामवरची ‘हार्मोन बॅलन्स’ पावडर परत पाठव. त्या पैशात महिन्याची फळं येतील.

उपाशी मात्र राहू नकोस. दिवसभर सफरचंदावर काढायचं आणि रात्री बिस्किटांचा पुडा संपवायचा, हे चक्र मी अनेक जणींचं पाहिलंय. खाण्यावरचा ताबा सुटतोय असं वाटलं, तर लाज न धरता डॉक्टरांना सांग.

आता व्यायाम. स्नायू हलू लागले की ते इन्सुलिनची फारशी वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतात. म्हणून वजन तसूभर हललं नाही तरी व्यायामाचा फायदा होतोच. आठवड्याला किमान 150 मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा वेगाने चाल. शिवाय दोन दिवस ताकदीचा व्यायाम. खुर्चीवरून हात न टेकता उठबस, भिंतीला हात लावून दंड, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं, एवढ्यावर सुरुवात होते. सूर्यनमस्कार येतात तुला, तेही घाल. वजनं उचलली की शरीर पुरुषी होतं, ही भीती काढून टाक. पुरुषी संप्रेरकांचा जोर कमी करायलाच हे हवंय.

रात्रीच्या जेवणानंतर शतपावली कर, दहा-पंधरा मिनिटं. जेवल्यावर साखर चढते, नेमकं तेव्हाच पाय चालले पाहिजेत. ऑफिसात तासनतास खुर्चीला चिकटू नकोस. झोपही पुरी घे. जागरणाने इन्सुलिनचं गणित आणखी बिघडतं.

तू अडुसष्ट किलोची आहेस. त्यातले पाच टक्के म्हणजे जेमतेम साडेतीन किलो. तेवढं उतरलं तरी बऱ्याच जणींची पाळी सुधारते. वीस किलोचा धाक कशाला? टेलरची टेप घेऊन कंबर मोज; आपल्याकडच्या बायकांसाठी 80 सेंटीमीटर ही सावध होण्याची रेषा. तुझी मैत्रीण काडीसारखी असूनही तिला पीसीओएस आहे ना, तिलाही ताट आणि व्यायाम हेच सांग. वजन मात्र तिने उतरवायचं नाही. पाळीत फरक दिसायला महिने लागतात, आणि केसांवर तर त्याहून जास्त. तोवर थ्रेडिंग कर, लेझर कर, त्यात कमीपणा नाही.

काही गोष्टी मात्र ताटाने आणि चालण्याने सुटत नाहीत. तीन महिने पाळी आली नाही तर ‘बरं झालं, कटकट गेली’ म्हणून बसू नकोस. गर्भाशयाचं अस्तर साचत जाणं धोक्याचं असतं, डॉक्टरांकडे जा. ग्लुकोज पिऊन करायची साखरेची तपासणी, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हेही करून घे. गोळ्या दिल्या तर घे. गोळी घेतली म्हणजे तुझं चालणं वाया गेलं असं नाही. विनाकारण रडू येत असेल, कशात मन लागत नसेल, तर तेही सांग. पीसीओएसमध्ये नैराश्य आणि चिंता जास्त आढळतात.

‘लग्न झालं की सगळं नीट होतं’ असं मावशी म्हणेल, आणि ‘हिला मूल कसं होणार’ असं तीच मावशी दुसऱ्या दिवशी म्हणेल. दोन्ही कानाआड कर. पीसीओएस असलेल्या कितीतरी जणींना मुलं होतात, काहींना थोडी औषधांची मदत लागते. उलट पाळी अनियमित आहे म्हणून दिवस राहणारच नाहीत, अशा भ्रमात कुणी राहू नये.

या आठवड्यात सगळं करायला जाऊ नकोस, चार दिवसांत थकशील. चहातली साखर निम्मी कर आणि रात्री जेवल्यावर चाल, बस. पुढच्या आठवड्यात उसळ नि उठबस. पाळीच्या तारखा कॅलेंडरवर लिहीत जा. आणि मला फोन केलास की वजन किती उतरलं हे सांगू नकोस. तारीख सांग.